घड्याळ एक, नोंदी अनेक!

जळगाव, (प्रतिनिधी) - सूर्य जळगावच्या माथ्यावर आल्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी तो धुळ्याच्या माथ्यावर येतो. भारतीय प्रमाणवेळेच्या तुलनेत जळगावची स्थानिक वेळ सुमारे २८ मिनिटांनी, तर धुळ्याची सुमारे ३१ मिनिटांनी मागे आहे. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी गावे आपापल्या सूर्यानुसार चालत आणि रेल्वे मद्रासच्या वेळेनुसार धावे. भिंतीवरच्या घड्याळांचा तो वाद केव्हाच मिटला. संगणकातील घड्याळांचा वाद मात्र कायम असून, १ जुलै २०२४ पासून त्याला न्यायालयीन महत्त्व प्राप्त झाले आहे.

'काय' आणि 'केव्हा'

त्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम अमलात आले. संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले. अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात तिचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

तथापि, फाइल केव्हा तयार झाली आणि केव्हा बदलली, ही नोंद मजकुरात नसते. ती संगणकप्रणाली वेगळी ठेवते. ही तारीख बदलली तरी हॅश तोच राहतो. म्हणजेच हॅश 'काय' याची ग्वाही देतो, 'केव्हा' याची नाही.

हे 'केव्हा' किती नाजूक आहे, हे साध्या उदाहरणावरून दिसते. विंडोज सहसा यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, तर लिनक्स जागतिक वेळेवर. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली असतील आणि त्यांची जुळणी केलेली नसेल, तर थेट साडेपाच तासांचा फरक पडू शकतो. पेनड्राइव्हवर आढळणारी जुनी 'फॅट' पद्धत तर वेळ कोणत्या देशाची, याची नोंदच ठेवत नाही, आणि फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी मोजते.

गाभ्यातील दुरुस्ती

घड्याळ अचूक असले तरी प्रश्न संपत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', फाइलवर वेळेचा शिक्का मारताना प्रत्येक वेळी अचूक घड्याळ पाहत नसे. त्यात श्रम फार पडतात. ठरावीक ठोक्याला, साधारण १ ते १० मिलिसेकंदांनी, नोंदवून ठेवलेली वेळच तो वापरी. बाजार समितीच्या फाटकावरील कारकुनाने दर दहा मिनिटांनीच घड्याळ पाहिले, तर मधल्या काळात आलेल्या कापसाच्या सर्व गाड्यांच्या पावत्यांवर एकच वेळ पडेल. आधी कोणाची गाडी आली, हे पावतीवरून कळणार नाही. फाइलींचे तसेच होते. नेटवर्कवरील दुसरा संगणक केवळ शिक्का पाहून आपली प्रत ताजी आहे की शिळी, हे ठरवत असेल, तर त्याच्या पडद्यावर जुनीच प्रत राहू शकते.

जेफ लेटन या कर्नेल-विकासकाने यावर तोडगा काढला. आधीचा शिक्का कोणी पाहिला असेल, तरच पुढच्या बदलावर सूक्ष्म वेळ लिहायची. एरवी ठोक्याचीच वेळ पुरे. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीसाठी ही सुधारणा स्वीकारली गेली, पण आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच मागे घ्यावी लागली. कारण आधी बदललेल्या फाइलला सूक्ष्म वेळ आणि नंतर बदललेल्या फाइलला ठोक्याची जुनी वेळ मिळाली, की नंतरची फाइल आधीची भासे. दुरुस्तीनेच क्रम उलटा केला!

सुधारित रचनेत एक मर्यादा घातली गेली. एकदा सूक्ष्म वेळ दिली, की त्यानंतरचा कोणताही शिक्का तिच्या मागे जाणार नाही. जानेवारी २०२५ मधील ६.१३ या आवृत्तीत ही सुधारणा समाविष्ट झाली. वेळ कितीही बारीक मोजली, तरी आधी काय आणि नंतर काय, हा क्रम बिघडता कामा नये, हा तिचा धडा आहे. पुराव्यालाही नेमके हेच लागू पडते.

याच गाभ्यातला दुसरा प्रश्न १९ जानेवारी २०३८ चा. त्या सकाळी भारतीय वेळेनुसार ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ३२ बिटांतील सेकंदांची मोजणी संपते. २०२० मधील ५.६ आवृत्तीने ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ६४ बिटांच्या वेळेची सोय केली. पण अद्ययावत न केलेल्या जुन्या उपकरणांना तिचा उपयोग नाही.

शेवटच्या टोकाचे काय?

दिल्लीने पावले उचलली आहेत. 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले. कायदेशीर व व्यापारी व्यवहारांत प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी या पाच प्रयोगशाळांमार्फत वेळ पोहोचवण्याची योजनाही आखण्यात आली.

मात्र, यावल किंवा साक्रीतील दुकानाचा सीसीटीव्ही संच इंटरनेटला जोडलेलाच नसेल, तर ही वेळ त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी? आतील बटणाएवढी बॅटरी संपली आणि वीज गेली, की अशा यंत्राचे घड्याळ वर्षानुवर्षे मागे जाऊ शकते.

उपाय खर्चिक नाही. यंत्र जप्त करण्यापूर्वी त्यावरील वेळ आणि प्रमाणवेळ शेजारी-शेजारी चित्रित करावी, फरक पंचनाम्यात लिहावा आणि प्रत काढताना मूळ शिक्के जपावेत. कर्नेलच्या कारागिरांना मिलिसेकंदांचा क्रम सांभाळण्यासाठी एकदा माघार घ्यावी लागली. पंचनाम्यातील एका ओळीसाठी तेवढे कष्टही नाहीत. ती ओळ नसेल, तर निर्दोषाला तो घटनेच्या वेळी अन्यत्र होता, हे सिद्ध करणे कठीण होईल. आणि दोषीला संशयाचा फायदा मिळेल.