खरेदीखतापूर्वीचा सल्ला

फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब लोहमार्गाचे उद्घाटन झाले. चिंतामणीच्या दर्शनास येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली हे खरे. परंतु रेल्वे जेथे पोचते, तेथे मागोमाग भूखंडांची भाषाही सुरू होते. अशा वेळी आयुष्याची पुंजी घेऊन जागा शोधणारा शिक्षक वा कारकून कोणाच्या भरवशावर व्यवहार करतो, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

बहुधा तो मध्यस्थाच्या शब्दावर आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विसंबतो. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमानुसार ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि नोंद म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, विकणाऱ्याच्या हक्काची हमी देत नाही. केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हेही त्या न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले.

विदर्भात गुंतागुंत अधिक आहे. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायदा 1948 चा, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाचा 1950 चा, तर विदर्भात 1958 चा. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास तो परवानगीवाचून मज्जाव करतो. भूदानाच्या जमिनीस 1953 चा मध्यप्रदेशचा कायदा येथे लागू पडतो. भोगवटादार वर्ग-2 ची जमीन साधारणतः सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरित होत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने विकत घ्यावयाची, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तीही शासनाच्या संमतीने. कोलाम, गोंड, आंध यांची वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ही अट कागदापुरती नाही.

म्हणूनच पुण्या-मुंबईच्या नामांकित वकिलापेक्षा तालुक्यातील जाणकार वकील येथे अधिक उपयोगी ठरतो. जुने फेरफार कोठे पाहावेत, वाटणी तोंडी झाली की नोंदणीकृत, बहिणींची नावे केव्हा व कशी कमी झाली, हे तो जाणतो. निदान कोणास विचारावे हे तरी जाणतो.

यावर आक्षेप असा की, लहान गावात सारेच परस्परांचे परिचित. वकील विकणाऱ्याचाही असू शकेल. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे वकील टाळणे नव्हे, तर स्वतःचा वेगळा वकील नेमणे, त्याने पूर्वी विकणाऱ्याचे काम केले आहे काय हे विचारणे, आणि तीस वर्षांच्या शोधाचा अहवाल त्याच्या सहीनिशी लेखी घेणे. मोबदलाही आधीच ठरवून पावती घ्यावी. इसारानंतर घेतलेला सल्ला पुष्कळदा पश्चात्तापाचाच असतो.

वकिलाची गरज केवळ खरेदीदारासच असते, असे मात्र नाही. 1957 ते 1974 या काळात हातातून गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्यासाठी शासनास 1974 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, याचा अर्थ विकणाराही अजाण होता. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. हे ज्यांना वाचता येते, त्यांनी ते न वाचणाऱ्यांपर्यंत पोचविले पाहिजे. नाहीतर लोहमार्ग गावात येईल आणि गावकऱ्यांची जमीन त्याच वाटेने गावाबाहेर जाईल.