नेवाशाला मोकळा पैस हवा

शके १२१२ मध्ये प्रवरेच्या तीरी ज्ञानेश्वर माउलींनी गीतार्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून माउली बसले, त्या पैसाच्या खांबापुढे वारकरी आजही नतमस्तक होतात. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळा अवकाश. त्याच नेवाशात मुलांना खेळायला, तरुणांना वाचायला आणि वृद्धांना चार घटका बसायला किती अवकाश उरणार, हा प्रश्न नगरपंचायतीला विचारला पाहिजे.

रस्ते, नळ, गटारे ही कामे आवश्यकच आहेत. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक, शैक्षणिक बाबींचे संवर्धन हेही नागरी संस्थांचे विषय म्हणून नमूद आहेत. ती हौस नव्हे, कर्तव्य आहे.

सर्व काही शासनानेच करावे, अशी आपली भूमिका नाही. हरिनाम सप्ताह, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, सायंशाखा हे सारे समाजाने स्वबळावर चालविले. मात्र समाज उपक्रम उभा करू शकतो. वाढत्या गावात त्यासाठी जमीन राखून ठेवणे त्याच्या हाती नसते. ते काम विकास आराखड्याचे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढील मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. एकदा गेलेले मैदान परत येत नाही.

नेवाशाचा वारसा तर माउलींच्याही मागे जातो. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले आणि अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची मानवी वाटचाल उजेडात आणली. तिची ओळख नेवाशातील मुलांना नेवाशातच व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

२०४० मध्ये ज्ञानेश्वरीला ७५० वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षी कमानी आणि रोषणाई होईलच. पण खरी सिद्धता म्हणजे एक राखलेले मैदान, एक सुसज्ज वाचनालय, एक साधे सभागृह आणि त्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी ठरलेली तरतूद. प्रारूप आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा जागेचे व्यवहार करणारे तो बारकाईने वाचतात. संस्कृतीची चिंता वाहणाऱ्यांनीही तो तितक्याच बारकाईने वाचावा आणि आपली सूचना लेखी द्यावी.