टोपणनाव आणि तोतया

कुणी टोपणनावाने राजकीय लिहिले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण हा आहे कोण?’ काय म्हणतो आणि बरोबर म्हणतो का, हे नंतर. त्यामागोमाग येणारे वाक्यही ठरलेले: ‘हिंमत असेल तर नावानिशी लिहा.’ हे वाक्य मी चर्चासत्रांत ऐकले आहे, संपादकांच्या पत्रांत वाचले आहे आणि एकदा स्वतःच दुसऱ्यापर्यंत पोचवले आहे. म्हणूनच आज त्याच्याविरुद्ध लिहिते आहे.

उदाहरण बगदादचे घेते. २००२ साली तिशीच्या उंबरठ्यावरचा एक इराकी वास्तुविशारद इंग्रजीत ब्लॉग लिहू लागला. रायद नावाचा त्याचा मित्र शिकायला अम्मानला गेला होता आणि ईमेलना उत्तरे द्यायचा आळस करीत होता. म्हणून ब्लॉगचे नाव ‘व्हेअर इज रायद?’ लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव ठेवले सलाम पॅक्स. अरबीत सलाम म्हणजे शांती, आणि लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजेही शांतीच. मी अनुवादक आहे, त्यामुळे मला या नावाचे कौतुक जरा जास्तच. मूळ शब्द आणि त्याचा अनुवाद शेजारी शेजारी बसवले, की झाले नाव.

मित्राशी चाललेल्या गप्पा जगाने वाचायला घेतल्या त्या युद्ध जवळ आल्यावर. बाजारातले भाव, घरातली साठवण, आवडती गाणी आणि बॉम्बची वाट बघत बसलेले शहर, असे सगळे त्यात होते. सद्दामची तो टिंगल करी आणि बुशचीही. आपण समलैंगिक आहोत, हेही त्याने लपवले नव्हते. जिथे राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाला मृत्युदंड होता, तिथे बसून हे चालले होते. २० मार्च २००३ ला हल्ला सुरू झाला, काही दिवसांत इंटरनेट बंद पडले. त्याने लिहिणे थांबवले नाही. साठलेल्या नोंदी मे महिन्यात बाहेर आल्या.

या काळात जगभर काय चर्चा होती? कुणी म्हणे, हा सीआयएचा माणूस. कुणी म्हणे, सद्दामच्या गुप्त पोलिसांचा. कुणी म्हणे, असा माणूसच नाही. एकाच मजकुरावरून तिन्ही निष्कर्ष निघत होते. मजकूर वाचण्यापेक्षा नाव हुडकण्याची घाई असली की असेच होते.

आणि मग गंमत झाली. पीटर मास हे अमेरिकन पत्रकार बगदादमधून वार्तांकन करीत होते. परतल्यावर सलामच्या नोंदी वाचताना त्यांच्या लक्षात आले, की हा तर आपलाच दुभाषी! रोज ज्याच्या तोंडून त्यांनी बगदाद ऐकले, तोच सलाम पॅक्स होता. मास यांना माणूस ठाऊक होता, लेखक ठाऊक नव्हता. वाचकांना लेखक ठाऊक होता, माणूस नव्हता. या दोघांत त्या काळचे बगदाद कुणाला अधिक कळले असेल, याचा विचार नावाचा आग्रह धरणाऱ्यांनी जरूर करावा. त्याच वर्षी सलाम ‘द गार्डियन’मध्ये स्तंभ लिहू लागला आणि त्याच्या नोंदींचे पुस्तकही आले, त्याच टोपणनावाने. तो खराच आहे, हे कळल्यावर आधीच्या मजकुरातले एक अक्षरही बदलावे लागले नाही.

यावर लगेच दमास्कसचा दाखला निघेल, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २०११ साली ‘अ गे गर्ल इन दमास्कस’ या ब्लॉगवर अमीना नावाची तरुणी सीरियातल्या उठावाबद्दल लिहीत होती. जूनमध्ये तिचे अपहरण झाल्याची बातमी आली, लोक तिच्यासाठी धावले. आठवडाभरात उघड झाले, की अमीना कुणी नव्हतीच. लिहिणारा होता टॉम मॅकमास्टर, एडिंबरात शिकणारा चाळीस वर्षांचा अमेरिकन. सीरियातल्या ज्या कार्यकर्त्यांना खरोखर लपून राहणे भाग होते, त्यांच्यावरचा विश्वास त्याने पातळ केला. हे अक्षम्यच आहे.

पण या दोन गोष्टींसाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो उभा राहिला त्याला आपण तोतया म्हणतो. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये स्वकीयांचे वाभाडे काढणारी पत्रे लिहिली, तेव्हा ते इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी घेतलेले ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव. तोतया न भोगलेल्या आयुष्याचा अधिकार उसना घेतो. टोपणनाव घेणारा आपल्या नावाने मिळणारा अधिकारही सोडून देतो. उरतो तो फक्त मजकूर. मॅकमास्टर तोतया होता. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा सलामला का?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हाही महाराष्ट्राने हेच केले. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्या कथांनी मांडले होते. पण विभावरी शिरूरकर कोण, यावरच काहूर माजले. त्या मालतीबाई बेडेकर, हे कळून कथांतला कोणता प्रश्न सुटला?

आपल्या देशात तर नाव म्हणजे नुसते नाव नसते. आडनाव ऐकले, की पहिले वाक्य वाचायच्या आत जात, गाव आणि पक्ष आपण ठरवून टाकतो. ‘नावानिशी लिहा’ म्हणणाऱ्याला बहुधा नावापायी काही गमवावे लागलेले नसते. ज्याची बदली होऊ शकते, ज्याच्या घरावर माणसे येऊ शकतात, त्याला धैर्याचे धडे देणे सोपे आहे.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी टोपणनावाने हिंदीत लिहिणाऱ्या एका बाईंचा लेख मी मराठीत केला. त्या सरकारी शाळेत शिकवत होत्या, आपल्या तालुक्याच्या राजकारणावर लिहीत होत्या. याहून जास्त मला ठाऊक नव्हते आणि नको होते. एका संपादकांनी लेख घेतला. छपाईच्या आधी म्हणाले, खरे नाव हवे, नाहीतर जमणार नाही. मी भांडायला हवे होते. मी बाईंना लिहिले, ‘नाव दिलेत तर लेखाचे वजन वाढेल.’ त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले: लेख परत घेते, तुमचा राग नाही. त्यानंतर त्या नावाने कुठे काही आलेले मला दिसले नाही.

संपादकांकडे मागणे एवढेच आहे. लेखातली प्रत्येक गोष्ट तपासा, कागद मागा, तारखा मागा, लेखकाला दहा प्रश्न विचारा. खोटे असेल तर परत करा. कायद्यासाठी नाव लागलेच तर स्वतःपुरते ठेवा आणि ते राखायची जबाबदारीही घ्या. पण छापताना लेखकाने निवडलेलेच नाव छापा. आणि आपण अनुवादकांनी निरोप्याचे काम करू नये. मी ते केले. त्या लेखाची अकरा पाने अजून माझ्या खणात आहेत, अनुवाद पुरा झालेला, वर एक टोपणनाव.