पडद्यावरचा पोपटी कागदावर का रुसतो?

मुलांनो, समजा, स्नेहसंमेलनाची पत्रिका तुम्ही कॉम्प्युटरवर तयार केलीत. पडद्यावर पोपटी रंग कसा झगझगीत दिसत होता! छापून आली तर तोच रंग मलूल. छापखान्याच्या काकांनी शाई वाचवली की काय? छे!

पडदा म्हणजे दिवाच. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमी-जास्त मिसळून तो रंग दाखवतो. तिन्ही भरपूर मिसळले की पांढरा! कागदाला कुठला आलाय स्वतःचा उजेड? त्याच्यावरची आकाशी, गडद गुलाबी, पिवळी आणि काळी शाई बाहेरच्या उजेडातला काही भाग शोषून घेते. उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून काही झगझगीत हिरवे-निळे शाईला जमत नाहीत. गंमत म्हणजे, छापलेला शुद्ध आकाशी बऱ्याच पडद्यांनाही नेमका जमत नाही!

१९३१ साली शास्त्रज्ञांनी माणसाला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा ठरवला. तो घोड्याच्या नालासारखा दिसतो. त्यावर पडद्याचे रंग एका त्रिकोणात बसतात. शाईच्या रंगांचे कुंपण वेगळे. डिझाइन करणारे दोन्ही कुंपणे बघून रंग निवडतात. काही सॉफ्टवेअर तर 'हा रंग छापता येणार नाही' अशी सूचनाच देतात.

तेव्हा ५०० पत्रिका छापण्याआधी एक नमुना जरूर काढा. नाहीतर पैसे आणि कागद, दोन्ही वाया!

आणि हो, भिंगातून वर्तमानपत्रातले रंगीत चित्र पाहा. ठिपके दिसतील. कोणकोणत्या रंगांचे, ते वहीत लिहा बरं!