झालर की शिवार?



शहरालगतच्या गावांचा विचार करताना आपण कोणते शब्द वापरतो, याकडे भाषेच्या अभ्यासकाने जाणीवपूर्वक पाहिले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या 28 गावांच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले, तेव्हा या गावांसाठी ‘झालर क्षेत्र’ ही संज्ञा रूढ झाली. झालर वस्त्राच्या कडेला लावतात. वस्त्र महत्त्वाचे, झालर शोभेपुरती. या एका शब्दातच शहराने गावाला दिलेले दुय्यम स्थान दिसते.

याउलट आपल्या बोलीतले जुने शब्द पाहा. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. गायरान गुरांसाठी, पाणंद शेतात जाण्यासाठी आणि या साऱ्यांना कवेत घेणारे ते शिवार. प्रत्येक शब्दात जमिनीचा उपयोग आणि तिच्यावरचा सामायिक हक्क सामावलेला आहे. आज त्याच जमिनीला ‘एन. ए. प्लॉट’ म्हणतात आणि तिची विक्री गुंठ्यांनी होते. एकराचे चाळीस गुंठे मोजताना ओढ्याची वाट कोणी मोजत नाही. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्याने 2001 साली कायदा केला. परंतु बुजलेला ओढा कोणत्याही कायद्याने पुन्हा वाहता होत नाही.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणे, अशी शाश्वत विकासाची व्याख्या 1987 साली ब्रंटलंड आयोगाने केली. या व्याख्येत आणखी एक प्रश्न मिळवावा, असे मला वाटते : आजच्या गरजा नेमक्या कोणाच्या? आपले शहर पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी आणते आणि त्याचे सांडपाणी खाम व सुखना या नद्यांतून खालच्या गावांकडे जाते. शहराचा कचरा सुमारे तीन दशके नारेगाव येथे साठत राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात जागोजागी ढीग साचले. कचरा मिटमिट्याकडे नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तेथेही तीव्र विरोध होऊन हिंसाचार उसळला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी येथे प्रक्रिया प्रकल्पांचे काम हाती घेण्यात आले. ग्रामस्थांनी वाट अडवल्यावर जे सुचले, ते आधी का सुचले नाही, हा प्रश्न उरतोच.

यावर कोणी म्हणेल, जमिनी तर गावकरीच विकतात; वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांनी त्यांच्या मुलांना रोजगारही दिला. हे खरे आहे. रस्ता, नळ, नोकरी यांची ओढ गावाला असणे स्वाभाविक आहे. कोरडवाहू शेतीच्या अनिश्चिततेतून सुटू पाहणाऱ्याला ‘गाव जप’ असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु शेत विकण्याचा निर्णय एका कुटुंबाचा असतो आणि ओढा, गायरान, पाणंद ही साऱ्या गावाची असतात. एकाच्या व्यवहारात सर्वांची मालमत्ता नाहीशी होऊ नये, इतकीच अपेक्षा आहे.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत. भूखंडांचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी गावातील ओढे, विहिरी आणि गायराने नकाशावर निश्चित करून ती अबाधित ठेवावीत. शहराने आपल्या कचऱ्यावर आपल्याच प्रभागात प्रक्रिया करावी आणि शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला परत द्यावे. आणि 73 व्या घटनादुरुस्तीने ज्या ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, तिच्यासमोर हा आराखडा मराठीत, समजेल अशा शब्दांत, वेळेवर मांडला जावा. हरकतींची मुदत संपल्यावर कळलेला आराखडा गावाच्या काही उपयोगाचा नसतो.

आपल्यापैकी अनेक जण अशाच गावांत राहून, नोकरी-शेती सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. आपल्या शिवारातील ओढ्यांची, माळांची, विहिरींची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. भाषेच्या दृष्टीने ती मोलाची सामग्री आहेच. उद्या ग्रामसभेत आराखडा आला, तर त्यात काय राहून गेले, हे दाखवण्यासाठीही ती यादी उपयोगी पडेल.