नंबर तुमचा, गाडी दुसऱ्याची! बनावट नंबरप्लेटची शिक्षा किती?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सापडल्या. एकाने थकलेल्या कर्जाच्या वसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी प्लेटवरच्या इंग्रजी तीनचा आठ केला होता. त्या नंबरचा खरा मालक मात्र भलत्याच गाडीची ई-चलनं झेलत होता.

हे होतं कसं? चौकातला कॅमेरा प्लेटवरची फक्त अक्षरं वाचतो. सिस्टीम तो नंबर ‘वाहन’ डेटाबेसमध्ये शोधते आणि नोंदणीकृत मालकाला मेसेज जातो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या भाषेत सांगायचं तर हे पासवर्ड नसलेलं लॉगिन आहे: युजरनेम टाका आणि आत शिरा!

ही उणीव भरायला एचएसआरपी आली. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची आहे, महाराष्ट्रात आता जुन्या गाड्यांनाही. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि लॉक एकदा काढलं की पुन्हा वापरता येत नाही. पण हे सगळं जवळून तपासावं लागतं. खांबावरच्या कॅमेऱ्याला होलोग्राम दिसत नाही.

म्हणून कायद्याचा धाक महत्त्वाचा. ‘दादा’, ‘बॉस’ वाचता येईल अशी फॅन्सी प्लेट असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर १५०० रुपयांपर्यंत दंड. पण दुसऱ्याचा नंबर लावलात की विषय दंडावर थांबत नाही. पोलीस भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवू शकतात. कलम ३१८(४) मध्ये ७ वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केल्याचं कलम ३३६(३) लागलं, तर तिथेही ७ वर्षांपर्यंत. पाचशे-हजाराचं चलन वाचवायला एवढी जोखीम? माझ्या मते हा निव्वळ वेडेपणा आहे.

आणि तुमचाच नंबर कुणी वापरत असेल तर? चलन आलं की आधी त्यातला फोटो झूम करून बघा. रंग, स्टिकर, आरसे, ठिकाण, वेळ जुळतंय का? नसेल तर स्क्रीनशॉट ठेवा, ई-चलन पोर्टलवर तक्रार करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘जाऊ दे, पाचशेच आहेत’ म्हणून गुपचूप भरू नका. उद्या त्याच नंबरच्या गाडीने कुणाला उडवलं, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील.