खुर्च्या मांडणारे तरुण

गेल्या रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण आम्हांस भेटावयास आला. भोपाळातील एका रोटरॅक्ट क्लबात नाव घालावे असे त्याच्या मनात होते; परंतु रोटरी ही धर्मसभेने निषिद्ध ठरविलेली संस्था आहे, असे आजोबांनी त्यास बजाविले होते.

आजोबांची स्मृती अगदीच चुकीची नव्हे. रोममधील होली ऑफिसने २० डिसेंबर १९५० रोजी धर्मगुरूंस रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली व प्रापंचिकांस सावध राहण्यास सांगितले. फ्रीमेसन मंडळींचा वारा तीत शिरेल ही धास्ती त्यामागे होती. पुढे ती ओसरली. १९७९ साली रोटरीचे जागतिक अधिवेशन रोम येथेच भरले, तेव्हा परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी प्रतिनिधींची भेट घेतली. ही वार्ता आजोबांच्या कानी गेली नाही, हा दोष आम्हां धर्मगुरूंचाच.

रोटरॅक्टचा पहिला क्लब १३ मार्च १९६८ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे निघाला. रोटरी व ॲक्शन, म्हणजे कृती, या दोन शब्दांचा जोड म्हणजे हे नाव. मात्र पन्नास वर्षे कृती तरुणांची आणि पालकत्व वडीलधाऱ्या रोटरी क्लबाचे, अशीच व्यवस्था राहिली. २०१९ साली रोटरीच्या विधिमंडळाने या क्लबांस संघटनेचे सभासदत्व दिले. २०२० पासून पालक क्लबाची अट गेली आणि तिशीची मर्यादाही उठली.

पन्नास वर्षे थोडी नव्हेत. पण आपण कोणत्या तोंडाने हसावे? २००९ च्या उन्हाळ्यात आपला मोठा तलाव आटला व नगरवासी गाळ उपसावयास श्रमदानास उतरले, तेव्हा घमेली उचलणारे तरुण हात काही थोडे नव्हते. घमेल्यास तरुण चालतो, ठरावास मात्र पोक्त माणूस हवा, ही आपली रीत. धर्मग्रामाच्या सणाला मंडप बांधणे, खुर्च्या मांडणे, पानाची ताटे उचलणे हे सारे तरुणांकडे. समितीच्या बैठकीत मात्र पन्नाशीच्या आतले आम्ही एकटेच.

तो तरुण सहज बोलून गेला, "फादर, तिथे मी खजिनदारसुद्धा होऊ शकतो." आम्हांस उत्तर सुचले नाही. नाव घाल, एवढेच सांगितले. आजोबांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. ते अद्याप पुरते राजी नाहीत. येत्या बैठकीस मात्र त्याला व आणखी दोघांना आम्ही बोलाविले आहे. जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवू.